हात की चाक?

आमच्या बँकेत एक नियम आहे. तो कुठल्याही परिपत्रकात छापलेला नाही आणि म्हणूनच तो इमानाने पाळला जातो. चूक कुठेही होवो, बोलणी काउंटरवरच्या माणसाने खायची. व्याजाचे दर वरती ठरतात, मशीन कुठल्या तरी तिसऱ्याच शहरात बंद पडतं, चेकबुकं छापखान्यात अडकतात; पण गिऱ्हाईक पासबुक आपटतं ते माझ्या पुढ्यात. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. एवढ्या मोठ्या संस्थेचा त्याच्या हाताला लागणारा भाग एकच, आणि तो म्हणजे मी.

मोटारीत ही नोकरी स्टेअरिंगच्या चाकाकडे असते. टायरात हवा कमी असो, ब्रेक एकाच बाजूला धरत असो, रिम वाकलेली असो, की खालचे सांधे झिजलेले असोत, यातलं काहीच चालवणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या हाताला लागतं ते फक्त चाक. मग तो गॅरेजात जाऊन सांगतो, "मिस्त्री, स्टेअरिंग बिघडलंय." वास्तविक स्टेअरिंग बिचारं ठणठणीत असतं. खालून आलेली तक्रार ते फक्त वर पाठवत असतं.

हे शहाणपण मला आज आहे. २०१२ साली नव्हतं, आणि त्यापायी मी माझ्या वडिलांवर जो अन्याय केला त्याची ही कबुली आहे. मात्र नुसती कबुली दिली तर माझी बाजू फारच लंगडी पडेल, म्हणून मधे थोडा इतिहास घालणार आहे. हिशेबात फरक आला की आम्ही बँकवाले आधी ओपनिंग बॅलन्स तपासतो. सवय, दुसरं काय!

तर आमचे आप्पा. हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. फळ्यावर खडूने एका फटक्यात वर्तुळ काढायचे आणि मग उरलेला तास मुलं कंपास घेऊन ते वर्तुळ खोटं पाडायचा प्रयत्न करायची. गाडी त्यांनीच घेतली, सेकंडहँड. तिचं नाव सांगत नाही, कारण या प्रकरणात तिच्यावर आळ यायला नको. एकवीस वर्षं ती आप्पांनी चालवली, पुसली आणि तिच्याशी बोललेही.

२०१२ च्या मे महिन्यात आम्ही सगळे सांगलीहून कोल्हापूरला लग्नाला निघालो. आप्पा चालवत होते, शेजारी आई, मागे मी, सौ. आणि चिरंजीव. जयसिंगपूर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि आई एकदम म्हणाली, "अहो, तुमचे हात कापताहेत."

"हात नाही, चाक," आप्पा म्हणाले.

आम्ही मागून वाकून पाहिलं. हात कापत होते यात शंकाच नव्हती. चाकाचं म्हणाल, तर हात चाकावरच होते. आता हात चाकाला हलवतायत की चाक हाताला, हे मागच्या सीटवरून कसं कळणार? पण घरातला निर्णय बहुमताने होतो आणि चाकाला मत नव्हतं. रात्री पुण्याच्या बहिणीचा फोन झाला, 'वय झालं' हा शब्द प्रत्येकाने दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतला आणि आप्पांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना कागदावर आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला सांगितली. हात कापण्याची ती परीक्षाच असते. आप्पांनी अशी रेघ काढली की डॉक्टर म्हणाले, हा कागद मी ठेवून घेऊ का? आम्ही मात्र बाहेर येऊन म्हणालो, डॉक्टरांसमोर माणूस सावध असतो!

मग मी स्वतः गाडी चालवून पाहिली. स्टेअरिंग लोण्यासारखं. थरथर नाही, काही नाही. पुरावा पूर्ण झाला. मी आप्पांकडून किल्ली घेतली आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. आप्पा एवढंच म्हणाले, "साठला सुरू होतं, पंच्याहत्तरला थांबतं. हातांना काट्यावरचे आकडे वाचता येतात का रे?"

मी हसलो. त्या हसण्याबद्दल पुढे बोलू.

आता इतिहास. चार चाकांची गाडी वळवायची कशी, हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. घोडागाड्यांचा पुढचा आख मधल्या एका खुंट्यावर अख्खाच्या अख्खा फिरायचा. त्यात एक गोम होती. एका चाकाखाली धोंडा आला की आख सगळाच पिळवटायचा, आणि फार वळवला तर गाडी उलटायची. शिवाय वळताना आतलं चाक लहान गोल घेतं आणि बाहेरचं मोठा. पंधरा ऑगस्टच्या संचलनात रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा धापा टाकत पळतो ना, तसं. म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळ्या कोनात वळली पाहिजेत. उत्क्रांतीवाल्या डार्विनचे आजोबा एरास्मस डार्विन यांना हे अठराव्या शतकातच सुचलं होतं. ते डॉक्टर होते आणि रोगी बघायला खराब रस्त्यांवरून बग्गीने हिंडायचे. पाठ दुखल्याशिवाय माणसाला शोध लागत नाही.

पुढे म्युनिकच्या लँकेन्सपेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने हीच युक्ती पक्की केली. लंडनमध्ये त्याचं पेटंट १८१८ साली घेतलं ते मात्र रुडॉल्फ आकरमान या त्याच्या तिथल्या प्रतिनिधीने. हा आकरमान चित्रं छापून विकायचा, जलरंग विकायचा आणि काही काळ चित्रकलेचा वर्गही चालवायचा. आजही जगभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्या रचनेला नाव आहे ते आकरमानचं. काम एकाचं आणि सही एजंटाची, हा प्रकार फक्त विमा कंपन्यांतच चालतो असं मी समजत होतो. पण चित्रकलेच्या मास्तरला स्टेअरिंगमधलं कळतं, याची इतिहासात नोंद होती, हे आम्ही त्या मे महिन्यात लक्षात घ्यायला हवं होतं.

गंमत म्हणजे, एवढं सगळं होऊनही पहिले मोटारवाले पुन्हा पहिल्या इयत्तेतच बसले. १८७३ साली फ्रान्सच्या आमेदे बोलेने वाफेच्या गाडीची पुढची चाकं वेगवेगळी वळवली आणि तिचं नाव ठेवलं 'आज्ञाधारक'. (पहिल्याच वर्षी बायकोला असं काही म्हणणारे नवरे मला माहीत आहेत.) पण कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीला चाकं तीनच! दोन चाकं नीट वळवण्याचं कोडं त्याला सुटेना, म्हणून त्याने पुढे एकच ठेवलं. हे मला मनापासून पटलं. ताळेबंद जुळत नसेल तर एक खातंच कमी करावं, असं मलाही मार्चअखेरीला वाटतं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी गेली ती याच तीनचाकीतून. नवऱ्याला न विचारता, शंभराहून जास्त किलोमीटर. बेंझला चौथं चाक जमायला १८९३ साल उजाडलं.

त्या काळात हातात गोल चाक नसायचंच. असायचा तो दांडा, नावेच्या सुकाणूसारखा. फ्रान्समध्ये त्याला 'गाईचं शेपूट' म्हणत. आपल्याकडच्या गाडीवानांना हे वाहनशास्त्र फार आधीपासून अवगत आहे, फरक इतकाच की ते बैलाचं पिरगाळतात. या शेपटाची अडचण अशी की खड्ड्यातला धक्का सरळ हातात यायचा. मधे ना दातेरी चक्र, ना काही. गिऱ्हाईक आणि चेअरमन यांच्यामध्ये काउंटरच नाही अशी बँक डोळ्यांपुढे आणा!

असल्या दांड्याने एमिल लव्हासोरने १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशी ११७८ किलोमीटरची शर्यत जवळजवळ एकहाती मारली. अठ्ठेचाळीस तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटं. दुसरा येण्याआधी तो कित्येक तास पोचलेला होता. पण पहिलं बक्षीस मागून आलेल्या एका प्यूजो गाडीला गेलं, कारण बक्षीस चार माणसं बसतील अशा गाडीसाठी होतं आणि लव्हासोरच्या गाडीत जागा दोनच. नियम म्हणजे नियम. त्या समितीत नक्कीच एखादा हेडक्लार्क असणार. पुढच्याच वर्षी, १८९६ च्या पॅरिस-मार्सेय शर्यतीत, आडव्या आलेल्या एका कुत्र्याला वाचवताना लव्हासोरची गाडी उलटली. त्या दुखण्यातून तो पुरता सावरला नाही आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये गेला. कुत्र्यासाठी वळलेला माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. आमच्या रस्त्यांवर आप्पा असेच वळायचे.

गोल चाक आलं ते त्याच धामधुमीत. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरोंने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक लावलं, आणि पहिलेपणाचा मान सहसा त्यालाच देतात. लव्हासोरमागून पानार कंपनीचा कारभार आर्तूर क्रेब्सकडे आला. हा माणूस अजब. १८८४ मध्ये त्याने सहकाऱ्याबरोबर वाऱ्याच्या मर्जीवर न जाता निघाल्या जागी परत येणारं एअरशिप उडवलं होतं, पुढे पाणबुडीची मोटर बनवली. म्हणजे हवेत आणि पाण्यात दिशा धरून झाल्यावर तो रस्त्यावर उतरला. त्याने १८९६ मध्येच एक साधी गोष्ट सांगून ठेवली होती. चाकाचा खुंटा थोडा तिरका लावा, म्हणजे वळण संपल्यावर चाकं आपली आपण सरळ होतील आणि चालवणाऱ्याला दांडा घट्ट धरून बसावं लागणार नाही. आजही वळण घेऊन हात सैल सोडले की स्टेअरिंग आपणहून जाग्यावर येतं ना? ती क्रेब्सची कृपा. येत नसेल, तर तो तिरकेपणा बिघडलाय किंवा सांधे ग्रीसविना आखडलेत असं समजावं. माणसाचंही चाळिशीनंतर असंच होतं.

आणि आता मुख्य साक्षीदार. १९२० नंतर मोटारींना पुढच्या चाकांवरही ब्रेक आले, जाड आणि मऊ टायर आले. सगळे खूश. आणि अचानक, ठरावीक वेगाला पोचलं की गाड्यांची पुढची चाकं आपोआप डावी-उजवीकडे थडथडायला लागली. स्टेअरिंग हातातून निसटेल की काय असं व्हायचं. अमेरिकेत तेव्हा खांदे घुसळत करायचा 'शिमी' नावाचा नाच जोरात होता, म्हणून या रोगालाही तेच नाव पडलं. आपल्याकडे हा रोग आधी निघाला असता तर त्याला लेझीम म्हटलं असतं.

फ्रान्सच्या ब्रूलिए नावाच्या इंजिनिअरने १९२५ मध्ये या शिमीचा कसून अभ्यास मांडला. भानगड अशी होती की पुढची दोन चाकं एकाच सरळसोट आखाला बांधलेली. एक चाक उंचवट्यावर चढलं की आख तिरपा व्हायचा. फिरतं चाक म्हणजे भोवराच. फिरत्या भोवऱ्याला तिरपं करायला जा, तो भलत्याच दिशेला तोंड फिरवतो. तशी चाकं तोंड फिरवायची, मग उलटं, मग पुन्हा. आणि या थडथडीचा ठेका गाडीच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला की नाच रंगायचा. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो चढत जातो, अवेळी दिला की नाही, त्यातलाच प्रकार. शेवटी दोन्ही चाकांना वेगवेगळं टांगायचं ठरलं. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत ते केलं, त्यामागच्या कारणांत ही थरथरही होती.

माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा शब्द 'ठरावीक वेगाला' हा आहे. त्याच्या खाली गाडी शहाणी, त्याच्या वर गाडी शहाणी. रोग फक्त मधल्या पट्ट्यात. साठला सुरू, पंच्याहत्तरला बंद. आणि मी गाडी चालवून पाहिली होती ती कितीने? तर मी आयुष्यात पन्नासच्या वर गेलेलो नाही. सौ. म्हणते, आपल्याला सायकलवाले हात दाखवून पुढे जातात. असल्या माणसाने केलेला तपास! रिकाम्या तिजोरीतली रोकड मोजून कॅशियरला निर्दोष ठरवण्यासारखा.

सात महिने गाडी मीच चालवत होतो, म्हणजे ढकलत होतो. २०१२ च्या डिसेंबरात मेहुण्याच्या साखरपुड्याला निघायला उशीर झाला. उशीर कुणामुळे झाला हा वाद अजून न्यायप्रविष्ट आहे. सौ. म्हणाली, "अहो, जरा दामटा की." मी दामटली. पन्नास, पंचावन्न, साठ... आणि माझे हात कापायला लागले.

पहिला विचार मनात आला तो आनुवंशिकतेचा. सौ.ने माझ्या हातांकडे बघितलं आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "तुमचेसुद्धा?" मागून एक ट्रक कोकलत होता. घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. सत्तर. पंच्याहत्तर. आणि थरथर थांबली. नळ बंद करावा तशी.

आप्पांचं वाक्य आठवलं. वेग कमी केला, पासष्टला पुन्हा लेझीम. वाढवला, शांत. असं मी तीनदा करून पाहिलं. चिरंजीवांना वाटलं खेळ चाललाय. साखरपुड्याला आम्ही पेढ्यांच्या वेळेला पोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. या मनुष्याने स्टेअरिंगला बोटही लावलं नाही. आधी माझी जबानी घेतली. थरथर ब्रेक दाबल्यावर येते की नुसती पळताना? ब्रेकवर आली तर ड्रम बघायचे. गाडी एका अंगाला ओढते का? ओढत असेल तर आधी त्या बाजूची हवा बघायची, मग ब्रेक धरून राहिलाय का ते, मग अलाइनमेंट. आणि जरा डावीकडे ओढत असेल तर मनावर घेऊ नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच उतार असतो. चाक किती फिरवल्यावर गाडी ऐकते? हाताएवढं रिकामं फिरत असेल तर टाय रॉडचे सांधे नाहीतर स्टेअरिंग बॉक्स झिजलाय. मग शेवटी त्याने विचारलं, "कितीला सुरू होतं आणि कितीला थांबतं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात सात महिने पडून होतं.

मला आमच्या जुन्या हेडक्लार्कांची आठवण झाली. ट्रायल बॅलन्समध्ये फरक आला की ते वह्या उघडायचे नाहीत. आधी फरकाला नऊने भागायचे. भाग गेला तर बहुधा कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, ५४ चे ४५. नाहीतर फरकाचा निम्मा करायचे आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायचे. सापडली की ती जमेऐवजी नावे पडलेली असायची. चूक स्वतःच सांगते मी कुठली म्हणून. ऐकणारा पाहिजे.

मिस्त्रीने पुढची दोन चाकं मागे लावली, मागची पुढे. "या फिरवून." फिरवून आलो. स्टेअरिंग थंड, आणि थरथर आता सीटमधून पाठीला लागत होती. म्हणजे रोग चाकांबरोबर मागे गेला होता. त्याने चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं. एका टायरला बाजूने फुगवटा आलेला. "हा रिमोल्ड कुणी घातला साहेब? स्वस्तात मिळाला असेल."

घातला मीच होता. एप्रिलमध्ये, लग्नाच्या आधी. डायरीत त्या तारखेला 'बचत' असा रकाना आहे आणि पुढे रक्कमही. ती इथे लिहीत नाही.

आता गाड्या सुधारल्या म्हणतात. १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग विक्रीला आलं, १९८८ मध्ये सुझुकीने ते विजेवर नेलं. एका बोटाने चाक फिरतं, आणि बिघाड झाला तर समोर दिवा लागतो. पण टायरचा फुगवटा दिव्याला कळत नाही. तो अजून हातालाच कळतो.

गॅरेजातून घरी येताना मी मनात माफीचा मसुदा तयार केला. आम्ही पत्रं फार चांगली लिहितो, 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वगैरे. आप्पा पडवीत नातवाला आंबा काढून दाखवत होते. हिरव्याच्या शेजारी पिवळा कसा उतरवायचा ते चाललं होतं. मी किल्ली त्यांच्या रंगपेटीशेजारी ठेवली आणि मसुदा विसरलो.

"आप्पा, चाकच होतं."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "कितीला?"

"साठला सुरू होतं."

"आणि?"

"पंच्याहत्तरला थांबतं."

ते काही बोलले नाहीत. पिवळा पुरा उतरवला. मग मान वर करून म्हणाले, "तू पंच्याहत्तरला गेलास? पोराला घेऊन? अक्कल आहे का तुला?"

पुढच्या रविवारी नवे टायर घालून आम्ही कोल्हापूरला गेलो. गाडी आप्पांनी चालवली. मी मागे बसून सगळा वेळ बाहेर उसाकडे बघत होतो. आई मात्र हातकणंगले येईपर्यंत रस्ता सोडून त्यांच्या हातांकडेच बघत होती.